कुऱ्हाडीचा दांडा

दिवाळीआधी माळा आवरताना पोत्यात गुंडाळलेली एक जुनी कुऱ्हाड सापडली. पात्यावर गंजाचा थर आणि भोकात मोडक्या दांड्याचा तुकडा अडकलेला. "आई, भंगारात देऊ का?" मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मामंजींनी लोहारापुढे बसून घडवून घेतली होती ती. दांडा मोडलाय गं, लोखंड नाही."

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण त्याच आठवड्यात आमच्या बचत गटातल्या एका मावशींच्या घरी विपरीत घडलं होतं. जळण फोडताना कुऱ्हाडीचं पातं निसटलं आणि सुनेच्या नडगीवर बसलं. सात टाके पडले. घरात गॅस आहे, पण आंघोळीचं पाणी चुलीवरच तापतं. मला मात्र वेगळंच खात होतं. पातं हलतंय, असं मावशी बैठकीत म्हणाल्या होत्या आणि "रात्रभर पाण्यात घालून ठेवा, घट्ट बसेल" हा सल्ला मीच दिला होता!

सुतारकाकांनी ऐकून मान हलवली. "ताई, तो एका दिवसाचा उपाय. लाकूड पाण्यानं फुगतं, लोखंड काही जागा देत नाही. मग ते आतल्या आत चेपतं आणि वाळलं की आधीपेक्षाही बारीक होतं."

मी तिथंच ठरवलं, दांडा करायचा आणि आपल्या हातानं करायचा. काका आधी हसले, मग शिकवायला बसले.

लाकूड धावड्याचं घेतलं. चिवट असतं, घाव सोसतं. पण ते पुरतं वाळलेलं हवं. ओल्या लाकडाचा दांडा पुढे आकसतो आणि पातं ढिलं होतं. लाकडाच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जायला हव्यात. मध्येच तिरक्या बाहेर पडल्या, की दांडा तिथंच मोडतो.

"कुणाच्या हातासाठी?" काकांनी विचारलं. हा प्रश्न मला सुचलाच नव्हता! मावशी पाच फूटही नाहीत. त्यांचा जुना दांडा मालकांच्या मापाचा होता आणि मालक जाऊन सहा वर्षं झाली. मग मावशींनाच बोलावलं. पातं मुठीत धरून हात सरळ केला, की दांड्याचं टोक काखेपर्यंत यावं, हे माप. जाडी अशी, की मूठ आरामात मिटावी. आकार गोल नको, थोडा चपटा अंडाकृती. म्हणजे तो हातात फिरत नाही आणि धार कुठं आहे हे न बघता कळतं.

काकांनी वाकसानं ढोबळ तासून दिलं. पुढं कानस आणि पॉलिशपेपर माझ्याकडे. दोन दुपारी गेल्या, तळहाताला फोड आले. व्हार्निशला काकांनी मनाई केली. त्यावर घामेजला हात घसरतो. जवसाचं तेल चोळलं. तोवर सासूबाईंनी पातं चिंचेच्या कोळानं आणि राखेनं घासून लखलखीत केलं होतं. शेवटी दांड्याच्या टोकाला चीर पाडून पातं चढवलं आणि चिरेत सुक्या लाकडाची पाचर ठोकली. टोक पसरलं, पातं जागच्या जागी आवळलं.

"आई, मावशींना देऊ ना?" मी भीतभीतच विचारलं. "माळ्यावर कुणाच्या कामाची होती ती?" त्या म्हणाल्या.

मावशींनी अंगणात पहिला घाव घातला. दुसऱ्या घावात ओंडका दुभंगला. त्या दांड्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "ताई, ही माझ्या हाताची हाय." सून दारात पाय लांब करून बसली होती. तिच्याकडे बघताना माझी मान खालीच होती.

'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण आपण बायकांवरच किती सहज वापरतो! मैत्रिणींनो, त्या दिवशी माझा अर्धवट सल्लाच गोतास काळ ठरला होता. आता बैठकीत मी आधी कुऱ्हाडी, खुरपी मागवते. पातं जरा जरी हललं, तरी पाणी नाही, पाचर. आणि घरात अवजार असेल, तर एकदा विचारा, हा दांडा कुणाच्या हाताच्या मापाचा आहे?