रॉकचा मराठी जुडास

अ‍ॅलेक पदमसींनी १९७४ साली मुंबईत ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ हा रॉक ऑपेरा रंगमंचावर आणला. त्यातले पहिले गाणे ख्रिस्ताचे नाही, त्याला पकडून देणाऱ्या जुडासचे आहे. आवाज फाटू न देता संताप, संशय आणि माया एका दमात गळ्यातून काढायची असते. ही भूमिका गाजवली नंदू भेंडे यांनी.

भेंडे हे नाव मराठी प्रेक्षकाला परके नव्हते. वडील आत्माराम भेंडे म्हणजे बबन प्रभूंच्या ‘झोपी गेलेला जागा झाला’सारख्या फार्सचे हुकमी नट-दिग्दर्शक. आई आशा भेंडे अभिनेत्री आणि लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासक. माहेरच्या लिली इझिकेल, कवी निस्सीम इझिकेल यांच्या भगिनी. मामा भारतीय इंग्रजी कवितेतला अग्रणी, वडील मराठी रंगभूमीवरचे. अशा घरातल्या मुलाने इंग्रजीत गाणे हे बंड नव्हतेच.

तो काळ ‘बीट ग्रुप’चा. सिमला सिगारेटच्या नावाने ‘सिमला बीट’ ही देशभरातल्या बँडची स्पर्धा भरे. १९७० आणि १९७१ च्या स्पर्धांच्या रेकॉर्डही निघाल्या. नंदू आधी ‘वेल्वेट फॉग’ आणि मग ‘सॅव्हेज एन्काउंटर’ या बँडमध्ये गायले. ऐकणारे होते, टाळ्याही होत्या. कमी होती ती बाजाराची.

नागपूरच्या इतवारीत राहणाऱ्याला हे लवकर कळते. इथे ठोक व्यापारी आधी विचारतो, माल कुठे आहे? सराफा असो की किराणा, वस्तू काट्यावर आल्याशिवाय वहीत नोंद होत नाही. भारतातल्या इंग्रजी रॉकचा माल काट्यावर फारसा आलाच नाही. रेकॉर्ड कंपन्या मोजक्या आणि त्यांचा भर सिनेसंगीतावर. मैफल संपली की गाणेही संपले.

तुलनेला याच ऑपेऱ्याचा मूळ जुडास घ्या. १९७० च्या अल्बममध्ये ही भूमिका गाणारा मरे हेड हा इंग्रज गायकही फार मोठा तारा झाला नाही. पण १९७५ मध्ये त्याचे ‘से इट एन्ट सो, जो’ आले, १९८४ मध्ये ‘वन नाइट इन बँकॉक’ आले आणि पुढच्या वर्षी अमेरिकेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. एखादेच गाणे चालले तरी रेकॉर्डवर गायकाचे नाव टिकते. नंदूंच्या वाट्याला ती सोय आली नाही.

त्यांना आधार दिला मराठी रंगभूमीने. ब्रेख्तचा १९२८ चा ‘थ्री पेनी ऑपेरा’ पु. ल. देशपांड्यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ या नावाने मराठीत आणला. १९७८ मध्ये पुण्याच्या थिएटर अकॅडमीसाठी जब्बार पटेलांनी तो बसवला. नंदू त्यात नायक अंकुश झाले. बर्लिनमध्ये मूळ संगीतकार कुर्ट वाइलने जाझ आणि नाचगाण्यांच्या चाली ऑपेऱ्यात घुसवल्या होत्या. इथे नाट्यपद आणि लावणीच्या शेजारी पाश्चात्त्य पॉप उभे राहिले. लफंग्या, देखण्या, शहरी अंकुशला संगीत नाटकाची गायकी शोभली नसती. नंदूंचा रॉकचा गळा इथे हौस उरला नाही. तो पात्राचा स्वभाव झाला.

१९८१ मध्ये नाझिया हसनच्या ‘डिस्को दीवाने’ने सिनेमाबाहेरच्या पॉपला गिऱ्हाईक मिळवून दिले. त्याच दशकात नंदूंचा हिंदी ‘डिस्को दुनिया’ आला. पुढे दूरचित्रवाणीच्या मालिकांना संगीत देणे हा त्यांचा व्यवसाय झाला. ११ एप्रिल २०१४ रोजी ते गेले. आत्माराम भेंडे २०१५ च्या फेब्रुवारीत.

इंग्रजी रॉकच्या इतिहासात नंदूंची नोंद तळटीपेपुरतीच राहील. मराठी नाट्यसंगीताच्या इतिहासकाराला मात्र तेवढ्यावर भागवता येणार नाही. किर्लोस्करांपासून सुरू झालेली ही परंपरा कीर्तन, लावणी, ठुमरी, जे मिळेल ते पचवत आली. अंकुशची गाणी हा त्याच पचनशक्तीचा पुरावा आहे.