दोन बोटं वर, एक बोट मागे

लखनऊच्या गोमती नगर विस्तारातलं जनेश्वर मिश्र पार्क 376 एकरांवर पसरलेलं आहे. 2014 मध्ये खुल्या झालेल्या या उद्यानात सायकलींसाठी वेगळा मार्ग आहे आणि शहर तर तळहातासारखं सपाट. इथे गुडघा दुखला, तर घाटावर खापर फोडायची सोय नाही. बऱ्याचदा चूक सायकल आणि तिच्यावर बसणारा माणूस यांच्या जुळणीत असते.

ही जुळणी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या उलटीच झाली. घरात काळी, उंच सायकल एकच. मग पोरांनी नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारायचं. लखनऊकडे त्यालाच ‘कैंची’ म्हणतात. सायकल ढिम्म, वाकायचं माणसाने. आता गिअरची महागडी सायकल घरी येते, तरी सीट दुकानदाराने लावली तिथेच राहते.

सुरुवात त्या सीटपासूनच करावी. भिंतीचा आधार घेऊन बसायचं आणि सर्वांत खाली गेलेल्या पायडलवर टाच ठेवायची. पाय सरळ झाला, की उंची साधारण बरोबर. चालवताना टाचेऐवजी चवडा टेकतो, त्यामुळे गुडघ्याला किंचित वाक उरतो. अभ्यासक तो 25 ते 35 अंशांचा धरतात. तीन वेळा टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ग्रेग लेमंडच्या नावाचं एक गणितही प्रसिद्ध आहे: जांघेपासून जमिनीपर्यंतच्या मापाला 0.883 ने गुणायचं. माप 80 सेंटिमीटर असेल, तर क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत सुमारे 70.6 सेंटिमीटर.

पुढचं शरीरच सांगतं. गुडघ्याची वाटी दुखत असेल, तर सीट बहुधा खाली आहे. गुडघ्यामागची शीर ओढत असेल किंवा कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल, तर ती वर गेली आहे. हाताला मुंग्या येतात तेव्हा सीटचं नाक खाली झुकलंय का, हँडल फार लांब आहे का, ते पाहावं.

मग वेगाचं काय? वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करायला आठपट ताकद लागते. म्हणूनच शर्यतपटू हँडलवर वाकतात. स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्रीने 1993 मध्ये हात छातीखाली दुमडून तासाभरात 51.596 किलोमीटर अंतर कापलं आणि विश्वविक्रम केला. पुढच्याच वर्षी त्या बैठकीवर बंदी आली.

पण ती बैठक तासाभराची होती. ‘रेस अक्रॉस अमेरिका’मध्ये सुमारे 4,800 किलोमीटर कापायचे असतात. 1983 च्या शर्यतीत मायकेल शर्मरच्या मानेचे स्नायू इतके थकले, की डोकं वर धरवेना. त्या दुखण्याला आजही ‘शर्मर्स नेक’ म्हणतात. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये दोघांचा संघ करून हीच शर्यत पूर्ण केली. 2017 मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने, 12 दिवसांच्या मुदतीत संपवली. इतक्या अंतरावर हँडल थोडं उंच ठेवल्याने हवेत गमावलेली मिनिटं क्षुल्लक ठरतात. मान धरली, तर तासच्या तास जातात.

उद्यानात रोज दहा-वीस किलोमीटर फिरणाऱ्याचं गणित याहून सोपं. हँडल सीटच्या पातळीवर किंवा किंचित वर, कोपर सैल, खांदे कानांपासून दूर. बदल एका वेळी एकच, तोही 5 मिलिमीटरचा. आधी सीटच्या नळीवर चिकटपट्टीची खूण करायची. नळीवर कोरलेली मर्यादेची रेघ मात्र बाहेर दिसता कामा नये. मग खिशात एलन की टाकायची आणि आठवडाभर त्याच मार्गावर फेऱ्या मारून पाहायच्या.