केनेडींच्या जागेची किल्ली

१९ जानेवारी २०१० रोजी मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी टेड केनेडींच्या निधनाने रिकामी झालेली सिनेटची जागा रिपब्लिकन स्कॉट ब्राउन यांच्या पदरात टाकली. ब्राउन यांना ५२ टक्के मते, डेमोक्रॅट मार्था कोकली यांना ४७. ओबामांच्या आरोग्यविमा विधेयकाविरुद्धचा हा कौल, असे तेव्हा सगळीकडे म्हटले गेले. मला मात्र या पराभवाचे मूळ २००४ सालच्या एका कायद्यात दिसते. त्यापूर्वी राज्यपाल नेमतील तो सिनेटर पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत पदावर राहत असे. जॉन केरी अध्यक्ष झाले, तर त्यांच्या जागी राज्यपाल मिट रॉम्नी आपला माणूस बसवतील, या धास्तीने डेमोक्रॅटबहुल विधिमंडळाने तो अधिकारच काढून घेतला आणि पाच महिन्यांच्या आसपास पोटनिवडणूक सक्तीची केली. केरी हरले, कायदा उरला. २००९ मध्ये राज्यपाल स्वपक्षाचे होते, म्हणून घाईघाईने हंगामी नेमणुकीची सोय करून पॉल कर्क यांना बसवले. २४ डिसेंबरला विधेयकाला पडलेल्या ६० मतांत, म्हणजे सिनेटमधली विरोधकांची अडवणूक मोडायला नेमक्या लागतात तेवढ्या मतांत, त्यांचे मत होते. पोटनिवडणूक मात्र टळली नाही.

उमेदवारच कच्चा होता, हा आक्षेप खराच आहे. फेनवे पार्कबाहेर थंडीत हात मिळवत उभे राहायचे का, असा उलट सवाल कोकलींनी केला. रेड सॉक्सचा लाडका गोलंदाज कर्ट शिलिंग याला त्यांनी रेडिओवर यांकीजचा चाहता ठरवले. बोस्टनमध्ये याला माफी नाही! जुना पिकअप ट्रक हाकत फिरणाऱ्या ब्राउनला आणखी काय हवे होते? पण ही लढत जानेवारीतच का झाली, याचे उत्तर त्यात नाही. नोव्हेंबरच्या रिपब्लिकन लाटेतही जागा गेलीच असती, असेही कुणी म्हणेल. त्याच लाटेत मॅसॅच्युसेट्सने प्रतिनिधिगृहाच्या दहाच्या दहा जागा डेमोक्रॅटांना दिल्या, राज्यपाल डेव्हल पॅट्रिक यांनाही पुन्हा निवडले. आणि समजा जागा गेलीच असती, तरी तोवर साठ मते हाताशी राहिली असती. सिनेटचा मसुदा आहे तसा मंजूर करण्याची पाळी प्रतिनिधिगृहावर आली नसती.

२०१२ मध्ये एलिझाबेथ वॉरन यांनी ब्राउनना हरवले. ज्या जागेच्या धास्तीने २००४ चा खटाटोप झाला, ती केरींची जागा रिकामी झाली २०१३ मध्ये, ते परराष्ट्रमंत्री झाले तेव्हा. राज्यपाल तेव्हाही डेमोक्रॅटच होते.