‘राऊ’ वर्गात शिकविताना: कादंबरीतील मस्तानी आणि कागदपत्रांतील मस्तानी

नारायणगुड्यात मराठी शिकविणाऱ्या अध्यापकापुढचा वर्ग पुण्या-औरंगाबादच्या वर्गासारखा नसतो. काचीगुडा, सुलतान बाजार या बाजूंनी येणारी काही मुले घरी मराठी बोलतात, पण त्या मराठीत दखनी आणि तेलुगू सहज मिसळलेली असते. उरलेली बरीचशी मुले-मुली उर्दू घरांतून आलेली. हिंदीमुळे त्यांना देवनागरी वाचता येते, मराठी मात्र नवी असते. अशा मिश्र वर्गापुढे एका वर्षी मी ना. सं. इनामदार यांची ‘राऊ’ (१९७२) ही कादंबरी ठेवली. पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मॅडम, मस्तानी हमारी थी या उनकी?”

प्रश्न भाबडा आहे असे म्हणून मी तो त्या दिवशी बाजूला सारला. ते चुकले, असे आज वाटते. ऐतिहासिक कादंबरीतील कर्तृत्ववान स्त्रीविषयी शिकविताना तोच प्रश्न मध्यभागी ठेवावा लागतो. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन तेवढेच आहे.

आरंभी थोडे मागे गेले पाहिजे. मराठीत ऐतिहासिक कादंबरी स्थिर केली ती हरि नारायण आपटे (१८६४-१९१९) यांनी, आणि उर्दूत ‘तारीखी नॉवेल’ रूढ केली ती अब्दुल हलीम शरर (१८६०-१९२६) यांनी. दोघे समकालीन होत. दोघांपुढेही वॉल्टर स्कॉटचा आदर्श होता. स्कॉटची धर्मयुद्धांवरील कादंबरी वाचून शरर अस्वस्थ झाले आणि त्या अस्वस्थतेतून १८८८ मध्ये ‘मलिकुल अज़ीज़ वर्जिना’ आली. आपट्यांची ‘म्हैसूरचा वाघ’ ही पहिली ऐतिहासिक कादंबरी मेडोज टेलर यांच्या टिपू सुलतानावरील इंग्रजी पुस्तकावर आधारलेली आहे. हे टेलरसाहेब निजामाच्या राज्यात नोकरीला होते. शररही काही वर्षे हैदराबादच्या आश्रयाला होते. म्हणजे दोन्ही भाषांतील या प्रकाराचा एकेक धागा आपल्या शहरापर्यंत येतो. विद्यार्थ्यांना हे सांगितले की त्यांचे कान टवकारतात.

या दोघांच्या कादंबऱ्या शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लक्षात येते. शररांच्या कादंबरीत ख्रिस्ती राजकन्या मुस्लिम वीराच्या प्रेमात पडते. आपट्यांच्या ‘वज्राघात’मध्ये विजयनगरच्या रामराजाशी मेहेरजान या मुस्लिम स्त्रीचे नाते आहे. लेखक ज्या समाजात बसून लिहितो त्या समाजाचा नायक, आणि पलीकडच्या समाजाची नायिका, अशी ही मांडणी आहे. प्रेमाची वाट बहुधा एकाच दिशेने चालते. परकी स्त्री ‘आपल्या’ वीराकडे येते. आपल्या घरची मुलगी पलीकडे गेल्याची कथा लेखक सहसा सांगत नाही, आणि सांगितलीच तर अपहरण म्हणून सांगतो. अशा कादंबरीतील स्त्री कितीही तेजस्वी रंगविली तरी तिचे तेज बऱ्याचदा नायकाच्या मोठेपणाची पावती ठरते. मागच्या बाकावरच्या प्रश्नाचे मूळ इथे आहे. मुलांनी पुस्तके वाचलेली नसतील, पण ही दिशा त्यांना चित्रपटांतून पुरती कळलेली असते.

‘राऊ’ची मांडणी वरवर पाहता हीच आहे. शीर्षकसुद्धा नायकाचेच. पण इनामदारांनी एक महत्त्वाचा बदल केला. या कादंबरीतील खरा विरोध शत्रूकडून येत नाही, घरातून येतो. आई राधाबाई, धाकटे बंधू चिमाजी अप्पा, मुलगा नानासाहेब आणि पुण्याचा ब्रह्मवृंद. निजामाला पालखेडवर कोंडणारा पेशवा स्वतःच्या वाड्यात मात्र हतबल होतो. मस्तानीला जे सोसावे लागते ते ‘त्यांच्या’कडून नव्हे, ‘आपल्या’ माणसांकडून, अशी कबुली मराठी लेखकाने मराठी वाचकाला द्यावयास लावली, हे मला या कादंबरीचे सर्वांत मोठे यश वाटते. इनामदार १९९७ मध्ये अहमदनगरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २००२ मध्ये निवर्तले. ‘झेप’, ‘झुंज’, ‘मंत्रावेगळा’ या त्यांच्या कादंबऱ्यांतही इतिहासाने बदनाम केलेल्या माणसांची बाजू ऐकून घेण्याची सवय दिसते. त्र्यंबकजी डेंगळे, यशवंतराव होळकर, दुसरा बाजीराव ही त्यांची निवडच बोलकी आहे. मस्तानी त्याच रांगेत बसते.

आता कागदपत्रांकडे वळू. इथे अध्यापकाने थोडा वेळ काढावा. पेशवे दफ्तरातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतरच्या काही वर्षांत ४५ खंडांत छापले गेले. मस्तानीविषयी आपल्याला निश्चित म्हणून जे ठाऊक आहे ते मुख्यतः अशा कागदांतून आणि सरदेसायांच्या लेखनातून आले. ते फार थोडे आहे. १७२९ मध्ये महंमदखान बंगशाने बुंदेलखंडात छत्रसालास वेढले, बाजीराव त्याच्या मदतीस गेला, आणि त्यानंतर मस्तानी पुण्यास आली. १७३० च्या जानेवारीत नानासाहेबांचे लग्न झाले, त्या सुमारास तिचे नाव कागदात दिसू लागते. तिच्या जन्माविषयी एकमत नाही. छत्रसालाची मुस्लिम स्त्रीपासून झालेली कन्या, अशी प्रसिद्ध परंपरा आहे. एका आख्यायिकेत तर ती निजामाची मुलगी ठरते! हैदराबादच्या वर्गात ही आख्यायिका सांगितली की एकदम हशा आणि टाळ्या होतात. मग सांगावे लागते की आख्यायिका हा पुरावा नव्हे. लोकांना काय खरे असावे असे वाटत होते, एवढेच ती सांगते.

१७३४ मध्ये तिला मुलगा झाला. त्याचे नाव कृष्णराव ठेवले होते आणि त्याची मुंज करण्याची बाजीरावाची इच्छा होती, पण ब्राह्मणांनी ती मान्य केली नाही, अशी परंपरा आहे. मुलगा पुढे समशेर बहाद्दर म्हणून वाढला. १७३९ च्या अखेरीस आणि १७४० च्या आरंभी प्रकरण विकोपाला गेले. घरात रघुनाथरावाची मुंज आणि सदाशिवरावाचे लग्न ही कार्ये होती. बाजीरावाच्या उपस्थितीत कार्य चालविण्यास भटभिक्षुकांचा विरोध होता. मस्तानीला चौकीत ठेवले गेले. ती एकदा पहारा चुकवून बाजीरावाकडे पाटसला पोहोचली आणि तेथून तिला परत आणले गेले. साताऱ्याहून शाहू महाराजांच्या वतीने गोविंदराव चिटणीसांनी कळविले की तिच्यावर जबरदस्ती होऊ नये, त्यामुळे बाजीराव दुखावेल. तरीही ती कैदेतच राहिली. त्याच हंगामात बाजीराव गोदावरीच्या काठी निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याशी लढत होता. पुण्यात मस्तानी बंद, आणि तिचा नवरा आपल्याच या मुलखाच्या वारसाशी युद्धात गुंतलेला! हे दोन प्रसंग फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले की मुलांना १७४० साल डोळ्यांपुढे उभे राहते.

२८ एप्रिल १७४० रोजी बाजीराव नर्मदाकाठी रावेरखेडी येथे वारला. थोड्याच दिवसांत मस्तानीही गेली. कोणी म्हणतात विष घेतले, कोणी म्हणतात धक्क्याने गेली, कोणी सती गेल्याचे सांगतात. पण तिची कबर पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील पाबळ येथे आहे. हे गाव तिला इनाम होते. आजही कोणी तिला कबर म्हणते, कोणी समाधी. नर्मदेवर सती गेलेल्या स्त्रीची कबर पाबळला कशी, एवढा एक प्रश्न विचारला की मुले स्वतःच आख्यायिका तपासू लागतात.

एवढ्या कागदांत एक कागद नाही. मस्तानीचे स्वतःचे एकही पत्र आपल्यापुढे नाही. तिच्याविषयी सासूचे, दिराचे, कारकुनांचे, छत्रपतींचे मत कळते, तिचे नाही. याची तुलना नूरजहानशी करून पाहावी. नूरजहानच्या (१५७७-१६४५) नावाची नाणी आहेत, तिने काढलेली फर्माने आहेत. इंदू सुंदरेसन यांनी २००२ मध्ये तिच्यावर ‘द ट्वेंटिएथ वाइफ’ ही इंग्रजी कादंबरी लिहिली आणि पुढे दोन भाग जोडले. तिथे लेखिकेला सत्तेच्या खुणा आयत्या मिळाल्या होत्या, अंतःपुरातील खासगी जीवन तेवढे कल्पावे लागले. चांदबीबीचेही तसेच. अहमदनगरचा किल्ला तिने १५९५-९६ मध्ये मुघलांपासून राखला, हे तवारिखांतच आहे. म्हणून टेलर यांना १८७८ मध्ये तिच्यावर कादंबरी लिहिताना तिचे शौर्य शोधावे लागले नाही. मस्तानीबाबत कागदांनी फक्त भिंती दाखविल्या: चौकी, कैद, नाकारलेली मुंज. त्या भिंतींना तिने कसे तोंड दिले असेल, हे इनामदारांनी कल्पिले. परंपरेने तिला दिलेले गाणे, नाचणे, घोड्यावर बसणे हे गुण आकर्षक आहेत खरे, पण तिचे सामर्थ्य मी मुलांना तिथे दाखवीत नाही. पहारा चुकवून पाटसपर्यंत गेलेली बाई दाखविते. ती कादंबरीतली नाही, कागदातली आहे.

द. ग. गोडसे यांनी १९८९ च्या आपल्या ‘मस्तानी’ या पुस्तकात तिच्यावर चिकटलेल्या ‘कंचनी’ या शिक्क्याची चिकित्सा केली आहे. ज्या अध्यापकांना ‘राऊ’ शिकवायची आहे त्यांनी ते जवळ ठेवावे.

भाषेच्या अंगाने ‘राऊ’ आमच्या वर्गाला एक अनपेक्षित भेट देते. मराठी घरांतील मुले पेशवेकालीन शब्दांवर अडखळतात आणि उर्दूची मुले हात वर करतात. पेशवा हा शब्दच फारसी. फडणीस म्हणजे फर्दनवीस, चिटणीस म्हणजे चिठ्ठीनवीस. मसलत उर्दूत ‘मस्लहत’, म्हणजे हित किंवा शहाणपणाचा विचार. मराठीत तिचा सल्ला झाला. खल्वत म्हणजे एकांत; मराठीत त्याचे खलबत झाले आणि एकांतात शिजणारा कट त्याला चिकटला. त्या दिवशी नेहमी गप्प बसणारी एक मुलगी फळ्यापाशी येऊन सगळ्या वर्गाला मराठी शब्दांचे अर्थ सांगत होती. मुस्लिम विद्यार्थ्याला मराठी परकी वाटते, ही तक्रार आपण बैठकींतून नेहमी ऐकतो. पेशवाईची मराठी त्याला परकी वाटत नाही, असा माझा अनुभव आहे.

याच संदर्भात इनामदारांच्या ‘शिकस्त’चे नाव घ्यावे. पानिपतावर हरवलेल्या सदाशिवराव भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांची ही कथा. भाऊ गेले हे त्यांनी अखेरपर्यंत मान्य केले नाही आणि सौभाग्यलेणी उतरविली नाहीत. मराठीत ‘शिकस्त करणे’ म्हणजे प्रयत्नांची पराकाष्ठा. उर्दूत शिकस्त म्हणजे पराभव. अर्धा वर्ग शीर्षकाचा एक अर्थ लावतो, अर्धा दुसरा, आणि पार्वतीबाईंना दोन्ही लागू पडतात. असा योग शिक्षकाच्या वाट्याला वारंवार येत नाही.

२०१५ मध्ये ‘राऊ’वर आधारित ‘बाजीराव मस्तानी’ चित्रपट आला आणि काम अवघड झाले. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतात या गाण्यावरून पुण्यात नाराजी उठली होती. आमच्याकडची अडचण वेगळी होती. पुढच्या परीक्षेत एका उत्तरपत्रिकेत चित्रपटातील प्रसंग इतिहास म्हणून लिहिलेला आढळला, आणि तपासणाऱ्याने त्यावर बरोबरची खूण केलेली होती. तेव्हापासून मी पहिल्या तासाला वहीच्या पानावर तीन उभे रकाने आखायला सांगते: कागद, कादंबरी, चित्रपट. प्रत्येक घटना योग्य रकान्यात बसवायची. काही घटना तिन्ही ठिकाणी येतात, बऱ्याच फक्त तिसऱ्यात. पहिला रकाना फार मोकळा राहतो याची मुलांना हळहळ वाटते, पण तो कल्पनेने भरण्याची परवानगी मी देत नाही.

आणि मागच्या बाकावरचा तो प्रश्न? आता तो मी स्वतःच फळ्यावर लिहिते आणि खाली समशेर बहाद्दरची हकीगत सांगते. आईबाप गेले तेव्हा तो सहा वर्षांचा होता. ज्या घराने त्याची आई कैदेत ठेवली त्याच घराने त्याला वाढविले. १७६१ मध्ये पानिपतावर तो मराठ्यांच्या बाजूने लढला आणि त्या लढाईतील जखमांनीच गेला. त्याचा मुलगा अलीबहाद्दर बांद्याचा नवाब झाला; १८५७ मध्ये त्याच वंशातील नवाब इंग्रजांविरुद्ध उठला. शनिवारवाड्याच्या एका दरवाजाला मस्तानी दरवाजा म्हणतात. त्याचे दुसरे नाव अलीबहाद्दर दरवाजा. गेल्या वर्षी एका मुलीने उत्तराच्या जागी एवढेच लिहिले होते, की मुंज नाकारली गेलेला मुलगा पानिपतावर कोणाचा होता, हे आधी सांगा, मग मस्तानीचे विचारा. मी तिला पूर्ण गुण दिले.