पॉलिवॅग : खेळांतला बेडूक आणि डबक्यांतला बेडूक

आजच्या भाषणाचा विषय ऐकून 'हा पॉलिवॅग कोण?' असें वडील मंडळींनीं विचारलें असेल, आणि घरांतल्या मुलांनीं त्याचें उत्तर एका दमांत दिलें असेल. पॉलिवॅग हा 'पोकेमॉन' नांवाच्या जपानी खेळांतला एक कल्पित जलचर आहे. नाना तऱ्हेचे प्राणी पकडावे, पाळावे, वाढवावे आणि एकमेकांशीं झुंजवावे, असा हा पडद्यावरचा खेळ. त्याचे पहिले दोन भाग जपानांत २७ फेब्रुवारी १९९६ रोजीं निघाले. त्यांत १५१ प्राणी होते. पैकीं साठावा पॉलिवॅग.

जन्मभर खडू-फळा हातीं धरलेल्या माणसानें असल्या विषयावर बोलावें याचें कोणास नवल वाटेल. परंतु हा खेळ योजणारे सातोशी ताजिरी लहानपणीं किड्यांचे वेडे होते. टोकियोजवळच्या माचिदा गांवीं रानांत व डबक्यांच्या कांठीं हिंडून ते किडे गोळा करीत. पुढें त्या जागीं इमारती उठल्या. शहरांतल्या मुलांना तो शोधाचा आनंद पुन्हां मिळावा, ही या खेळामागची कल्पना. म्हणून त्यांतले पुष्कळसे प्राणी खऱ्या सृष्टीवरून उचललेले आहेत, आणि पॉलिवॅग तर उघड उघड भैकेर, म्हणजे बेडकाचें शेपटीवालें पिलूं आहे. इंग्रजींत भैकेराला 'पॉलिवॉग' असा एक शब्द आहे. त्यावरूनच हें नांव पडलें. जपानी मुलें त्याला 'न्योरोमो' म्हणतात.

आतां त्याचें रूप पाहूं. निळसर वाटोळें अंग, दोन मोठे डोळे, मागें रुंद शेपूट, खालीं दोन पाय. हात मुळींच नाहींत. पांढऱ्या पोटावर काळी वर्तुळाकार गुंडाळी आहे. मुलें तिला चक्र म्हणतात आणि शोभेसाठीं काढलेली नक्षी समजतात. ती नक्षी नव्हे. खेळांतल्या माहितींतच असें सांगितलें आहे कीं, याची कातडी इतकी पातळ कीं तींतून आंतडीं दिसतात. खऱ्या भैकेराचेंहि असेंच असतें. बहुतेक जातींचे भैकेर शेवाळ व कुजका पाला खातात. असलें अन्न पचावयास आंतडें लांब लागतें, आणि एवढेंसें पोट. म्हणून तें घड्याळाच्या कमानीसारखें गुंडाळून बसतें. पुढें त्याच जिवाचा बेडूक होऊन तो किडे खाऊं लागतो, तेव्हां हेंच आंतडें आंखडून पार तोकडें होतें. आपला पिवळा-हिरवा मोठा रानबेडूक मात्र याला अपवाद आहे. त्याचे भैकेर जात्याच मांसाहारी असतात. ते दुसऱ्या भैकेरांनाच, प्रसंगीं आपल्या भावंडांनाहि, गिळतात.

पॉलिवॅगला पाय आहेत आणि हात नाहींत, याला चित्रकाराची लहर समजूं नये. भैकेराला मागचे पाय आधीं फुटतात आणि पुढचे मागाहून. शेपूट तर त्यानंतर जाऊं लागतें. खेळांत पॉलिवॅग पंचविसाव्या पायरीस पोंचला कीं त्याचा 'पॉलिव्हर्ल' होतो. त्याला हात आलेले असतात आणि शेपूट गेलेलें असतें. क्रम अगदीं बरोबर! शेपूट गळून पडतें अशी एक समजूत आहे, ती मात्र खोटी. तें अंगांतच जिरतें. त्या दिवसांत भैकेराचें तोंड बदलत असल्यामुळें त्याला खातां येत नाहीं, आणि हें शेपूटच त्याची शिदोरी होते.

येथें एका शब्दाविषयीं माझी तक्रार आहे. या बदलाला खेळांत इव्होल्यूशन, म्हणजे उत्क्रांति म्हणतात. उत्क्रांति एका जिवाची होत नसते. ती पिढ्यान्‌पिढ्या, लाखों वर्षांत, जातीची होते. एकाच जिवाचें अंग पालटतें त्याला रूपांतरण हा शब्द आहे. परीक्षेंत मुलें या दोहोंची गल्लत करूं लागलीं, तर त्याचें मूळ कोठें शोधावें तें पालकांनीं ध्यानांत ठेवावें.

पॉलिव्हर्लपुढें दोन वाटा फुटतात. जलमणि नांवाचा खडा दिला तर त्याचा 'पॉलिराथ' हा मल्ल होतो. राजशिला त्याच्यापाशीं ठेवून दुसऱ्या खेळाडूशीं अदलाबदल केली, तर हिरव्या अंगाचा 'पॉलिटोड' होतो. ही दुसरी वाट १९९९ सालच्या भागांत आली. मोबाईलवरच्या 'पोकेमॉन गो'मध्यें खडे-पायऱ्यांऐवजीं गोळ्या जमवाव्या लागतात : पहिल्या बदलाला २५, पुढच्याला १००, आणि पॉलिटोड हवा असेल तर राजशिलाहि. झुंजींत या कुळाला वनस्पतींची व विजेची भीति असते. पॉलिराथला यांखेरीज पक्ष्यांचीहि. मुलांनीं पॉलिटोडकडे अधिक लक्ष द्यावें असें माझें मत आहे. पॉलिराथ दंड थोपटून उभा असतो खरा, पण त्यांतला बेडूक बराच हरवला आहे.

याच्या अंगच्या गुणांतला एक विशेष सांगण्याजोगा आहे. शत्रूनें पाण्याचा मारा केला, तर कित्येक पॉलिवॅगांना इजा होण्याऐवजीं तें पाणी अंगांत मुरून उलट जोम येतो. हेंहि खऱ्यापासून फार दूर नाहीं, कारण बेडूक तोंडानें पाणी पीत नाहीं. ओल्या मातीवर पोट टेकून बसतो आणि कातडींतून पाणी शोषून घेतो. परंतु पॉलिराथ नुसत्या पायांच्या बळावर पॅसिफिक महासागर ओलांडूं शकतो, असें जें खेळांत लिहिलें आहे, तें कोणीं खरें मानूं नये. पाणी आंत घेणारी कातडी खाऱ्या पाण्यांत तेंच पाणी गमावूं लागते. एखाददुसरी जात सोडली तर समुद्र हा बेडकाचा मृत्यूच आहे.

पॉलिटोडांपैकीं कांहींचा गुण याहून नवलाचा आहे. ते रिंगणांत उतरले कीं पाऊस पडूं लागतो! जपानी खेळांतली ही कल्पना आपल्याला परकी वाटूं नये. अवर्षणांत अंगाला लिंबाच्या डहाळ्या बांधून, कोठें मुसळाला बेडूक बांधून, दारोदार पाणी मागत फिरण्याची 'धोंडी'ची चाल आपल्याकडे जुनी आहे. बेडूक पाऊस आणतो ही समजूत दोहोंकडे सारखीच. वस्तुतः पाऊस बेडकाला आणतो. मृगाची पहिली मोठी सर पडली कीं जमिनींत दडून बसलेले रानबेडूक रात्रींतून वर येतात. नर हळदीसारखे पिवळे होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या निळ्या पिशव्या फुगवून ओरडतात, आणि थोडक्या दिवसांत अंडीं घालण्याचें काम उरकतें.

ही घाई कां, तें आमच्या ढोकीसारख्या कमी पावसाच्या मुलखांत राहणाऱ्याला निराळें सांगावयास नको. खेळांत जलमणि दाखवितांच क्षणांत रूप पालटतें. तेरणेच्या खोऱ्यांतल्या एखाद्या खळग्यांत त्याच कामाला महिना-सव्वा महिना लागतो, आणि तोंवर त्या खळग्यांत पाणी टिकलें पाहिजे. पावसानें मध्येंच ओढ दिली तर डबकें आटतें आणि भैकेरांचा काळा थर चिखलावर वाळून जातो. ज्यांना मागचे पाय फुटले त्यांचेंहि तेंच होतें. पुढचे पाय येऊन फुप्फुसानें श्वास घेतां येऊं लागला, तेच बाहेर पडतात. मिरजेहून निघालेली पहिली जलदूत गाडी पांच लाख लिटर पाणी घेऊन आमच्या ढोकीच्या लोहमार्गानें १२ एप्रिल २०१६ रोजीं लातुरास पोंचली. माणसासाठीं गाडी आली. बेडूक भेगाळलेल्या मातीखालीं वाट पाहत राहिले. त्याच वर्षीं जुलैंत 'पोकेमॉन गो' परदेशांत सुरू झाला आणि डिसेंबरांत भारतांत आला, म्हणजे आमच्याकडील मुलांना मोबाईलवर भैकेर भेटला तो दुष्काळाच्या वर्षांत.

दुसरा फरक अदलाबदलीचा. खेळांत पॉलिव्हर्ल दुसऱ्याच्या हातीं जातो तेव्हां त्याला राजपद मिळतें. आपल्या रानबेडकाचाहि एके काळीं परदेशाशीं व्यवहार होत असे. त्यांत त्याचे मागचे पाय कापून, गोठवून, जहाजानें धाडीत, आणि उरलेलें धड फेकून देत. पिकावरचे किडे खाणारा प्राणी शेतांतून असा नाहींसा होऊं लागला, तेव्हां १९८७ सालीं भारत सरकारनें ही निर्यात बंद केली. बाटलींत भैकेर भरून घरीं आणणाऱ्या मुलांचाहि हेतु वाईट नसतो. पण पकडलेला पॉलिवॅग चेंडूंत सुखानें राहतो, तसा भैकेर बाटलींत राहत नाहीं. नळाच्या पाण्यांतल्या क्लोरीननें आणि दाटीनें तो एक-दोन दिवसांत मरतो.

खरा पॉलिवॅग पाहावयाचा असेल त्यांनीं पहिल्या मोठ्या पावसानंतर आठ-दहा दिवसांनीं शेताच्या बांधाकडेचें किंवा रस्त्याकडेचें उथळ डबकें शोधावें. काळ्याकुट्ट भैकेरांचें पोट कांहीं केल्या दिसत नाहीं. तेव्हां अंग फिक्कट, कांचेसारखें असेल असे निवडावे. कांचेच्या बशींत डबक्याचेंच पाणी घ्यावें, त्यांत एक भैकेर अलगद सोडावा आणि बशी उचलून खालून, किंवा भिंगानें बाजूनें, पाहावें. पोटांतली गुंडाळी स्पष्ट दिसते. पाहून झाल्यावर त्याच डबक्यांत त्याला सोडावें, आणि दर चार दिवसांनीं तेथें जाऊन पाणी किती उरलें व पाय किती फुटले, तें मुलांकडून वहींत लिहवून घ्यावें.