फ्रँकफुर्टचा जपानी चित्रपटमेळा

ज्याची सारी उमर मजूर-चळवळीत गेली, त्याने चित्रपटांच्या उत्सवावर बोलावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु कोणताही उत्सव कोणाच्या श्रमावर उभा राहतो, हा आमचा पहिला प्रश्न असतो. त्या प्रश्नाच्या कसोटीवर घासून पाहावा असा एक उत्सव जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरी दरसाल भरतो. त्याचे नाव ‘निप्पॉन कनेक्शन’.

सन २००० मध्ये तेथील विद्यार्थ्यांनी तो आरंभिला. आज तेथे सुमारे सहा दिवसांत लहानमोठे शंभरएक जपानी चित्रपट दाखविले जातात.

आता, परमुलखात असा मेळा भरविण्याचे प्रयोजन काय? १९५१ साली कुरोसावांच्या ‘राशोमोन’ला व्हेनिसचा सर्वोच्च मान मिळाला आणि जपानी चित्रपटाकडे जगाचे लक्ष गेले. १९५८ साली जपानात ११२ कोटींहून अधिक तिकिटे खपली. पुढे घरोघर दूरदर्शनसंच आले, प्रेक्षक ओसरले. ‘राशोमोन’ काढणाऱ्या दाइएई कंपनीचे १९७१ साली दिवाळे वाजले. बड्या स्टुडिओंचा आधार खचला तसे पुष्कळ दिग्दर्शक तुटपुंज्या भांडवलावर स्वतंत्रपणे चित्रपट काढू लागले. असल्या चित्रपटाला परदेशी वितरक सहसा हात लावीत नाही. मेळ्यात मात्र त्याला पडदा मिळतो, भाषा न जाणणाऱ्यांसाठी खाली भाषांतराच्या ओळी येतात, दिग्दर्शक प्रेक्षकांच्या प्रश्नांना समोरासमोर उत्तरे देतो. हेच त्या मेळ्याचे खरे कार्य होय.

२०१३ पासून हा मेळा मुख्यत्वे दोन जुन्या कारखान्यांच्या वास्तूंत भरतो. मूझोनटुर्म ही एके काळची साबणाची फॅक्टरी. नॅक्सोस-हाले येथे धार लावण्याची व घासकामाची यंत्रे बनत. गिरण्यांच्या जागी मनोरे उठलेले पाहणाऱ्या आम्हा मुंबईकरांना एवढे तरी नोंदवावेसे वाटते की, तेथे कारखाना गेला, पण जागा लोकांच्या उपयोगी राहिली.

आता मुख्य मुद्दा. हा मेळा नफा न काढणारी एक संस्था चालविते आणि तिचे बहुतेक काम स्वयंसेवक बिनवेतन करतात. कामाला दाम मिळालाच पाहिजे, असे आम्ही दारोदार सांगत आलो. मग येथे आम्ही काय म्हणावे?

चित्रपट म्हणजे केवळ कलावंताची प्रतिभा नव्हे, हे जपानी कामगारांनीच दाखवून दिले आहे. १९४८ साली तोहो स्टुडिओतील कामगारांनी नोकरकपातीविरुद्ध संप करून स्टुडिओ ताब्यात घेतला. ऑगस्टमध्ये त्यांना बाहेर काढण्यासाठी जपानी पोलिसांच्या पाठीशी अमेरिकी फौजेचे रणगाडे आणि विमाने उभी राहिली. कलेची सबब सांगून पोट मारता येत नाही, असा बोध आम्ही त्या संपातून घेतो.

आमचा निवाडा असा: जेथे नफा कोणाच्या खिशात जात नाही आणि राबणाराच कारभारही ठरवितो, तेथे बिनमोल श्रम हे दान होय. जेथे एकजण हौसेने राबतो आणि दुसरा त्यावर कमावतो, तेथे ती वेठ होय. आणि दान झाले तरी ते सवड असलेल्यालाच परवडते. म्हणून ज्याचे पोट त्याच कामावर आहे, त्याला पुरते वेतन मिळालेच पाहिजे.

ही कसोटी फ्रँकफुर्टपुरती नाही. ज्या व्याख्यानमालेत आम्ही हे बोललो, तिच्याही सतरंज्या कोणीतरी रोज अंथरतो आणि रात्री गुंडाळतो. त्याला काय मिळते, हे श्रोत्यांनी एकदा चालकांना अवश्य विचारावे.