स्वार नसलेला घोडा

शनिशिंगणापूरला जाणाऱ्या अनेकांना महामार्गावरील घोडेगावला उतरावे लागते. माझ्या लहानपणी वडील या भागात टांगा हाकीत. उत्पन्न भागेना, तेव्हा त्यांनी घोडा विकला आणि हातात नुसता लगाम घेऊन ते पायी घरी आले. त्या रात्री ते जेवले नाहीत. पुढे कॉलेजात असताना सांचीच्या स्तूपाचे छायाचित्र पाहिले आणि ती संध्याकाळ आठवली.

सांचीच्या पूर्व तोरणावरील मधल्या आडव्या पट्टीवर सिद्धार्थ गौतमांच्या गृहत्यागाचा प्रसंग कोरलेला आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या शिल्पांत बुद्धांची मानवी मूर्ती नसे. बोधिवृक्ष, धम्मचक्र, पाऊले अशा खुणांनी त्यांचे अस्तित्व दाखवीत. म्हणून येथे कंथक या घोड्याची पाठ रिकामी आहे, पण वर छत्र धरलेले आहे. छत्र आहे म्हणजे स्वार आहे, हे पाहणाऱ्याने ओळखायचे. तोच घोडा पुन्हा पुन्हा कोरून प्रवास दाखविला आहे. शेवटी पाऊलखुणा येतात. तेथे सेवक छन्न नमन करतो, आणि खाली कंथक परत फिरतो. आता त्याच्यावर छत्र नाही. पाठ आधीही रिकामीच होती, परंतु ती खरी रिकामी आता झाली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (1957) या ग्रंथातही छन्नाच्या परतीचा स्वतंत्र भाग आहे. एका रात्रीत कापलेली वाट परतताना त्याला आठ दिवस लागले, आणि कंथकाचाही उत्साह मावळला होता. पुढे गांधार शिल्पकारांनी प्रत्यक्ष स्वार दाखविला. टापांचा आवाज होऊ नये म्हणून घोड्याचे खूर हातांवर झेललेलेही त्यांनी कोरले.

आपल्या मावळातील बेडसे लेण्यात स्तंभशीर्षांवर घोडे, हत्ती यांवर बसलेली स्त्री-पुरुषांची युगुले आहेत. आणि लेण्यापर्यंत जाणे न जमले, तरी खिशातील नाणे पाहावे. सारनाथच्या स्तंभावरून घेतलेल्या आपल्या राजमुद्रेत चक्राच्या डावीकडे धावणारा घोडा आहे. बँकेत रोज हजारो वेळा तो माझ्या हातांखालून जातो.

विद्यार्थी मित्रांनो, घोड्याचे चित्र काढताना केवळ आयाळ आणि वेग रेखाटून थांबू नका. त्याच्या पाठीवरून कोण उतरून गेले, हेही पाहणाऱ्याला जाणवू द्या. सांचीच्या अनाम कारागिराने चेहरा न दाखविता ते साधले. मला आजही घोडा काढता येत नाही. पण वडिलांच्या हातातला तो लगाम मात्र मी डोळे मिटून काढू शकेन.